डावरीनं न टाकलेले चेंडू

आमच्या वेळी बास्केटबॉलमध्ये लांबून टाकलं काय आणि रिंगखाली उभं राहून टाकलं काय, गुण दोनच मिळायचे. तीन गुणांची ती अर्धगोल रेघ आपल्याकडं पुढं बऱ्याच वर्षांनी आली. हे आधीच सांगते, कारण ते ठाऊक नसेल तर आमच्या डावरीचा हट्ट कळायचा नाही. ती कोपऱ्यातून टाकायची. मैदानाच्या दोन रेघा जिथं मिळतात तिथं, अगदी टोकाला जाऊन उभी राहायची आणि डाव्या हातानं, एकाच हातानं, चेंडू वर सोडायची. बाकीच्या सगळ्या मुली तेव्हा दोन्ही हातांनी, छातीपासून ढकलून टाकायच्या. सर म्हणायचे, हे पोरांसारखं टाकणं कुठून शिकलीस. ती कुठूनच शिकली नव्हती.

सोलापुरात शाळेच्या मागं आमचं मैदान होतं, मुरुमाचं. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात खड्डे. चेंडू आपटत न्यायला गेलं की तो खड्ड्यात पडून भलतीकडंच उडायचा. त्यामुळं चेंडू आपटत पळण्याच्या भानगडीत ती पडलीच नाही. आपटायचा तो एकदाच, तोही पाय सरळ करून घेण्यापुरता. कोपऱ्यावर कडुलिंबाची एक फांदी आलेली होती. तिच्यावरून चेंडू जायचा तर तो उंच टाकायला लागायचा, म्हणून तिचा चेंडू उंच जायचा. रिंगमागचा बोर्ड फळ्यांचा होता आणि त्यातल्या दोन फळ्या खिळखिळ्या झालेल्या होत्या. त्यावर चेंडू आपटला की तो मेल्यासारखा खाली पडायचा. म्हणून ती बोर्डाकडं बघायचीच नाही, चेंडू थेट रिंगमध्येच उतरवायची. तिच्या खेळाचं सगळे पुढं फार कौतुक करायचे. मला मात्र त्यात आमचं ते दरिद्री मैदानच दिसायचं.

ती शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखीच सोलापुरी मराठी. वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला होते आणि खोकल्यानं बेजार होते. आई विड्या वळायची, आणि सकाळी शाळेला येण्याआधी हीपण आईशेजारी बसून वळायची. थोरला भाऊ गिरणीत बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं, कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचं, सगळे आले तर हात हलवत परत. भावाला ती अन्ना म्हणायची. तो एकदाही आमचा सामना बघायला आला नव्हता.

माझे वडील सरकारी कचेरीत होते. आमच्या घरात मुलीनं खेळणं म्हणजे लग्नाआधीचा एक छंद, भरतकामासारखा. मला फारसं टाकता यायचं नाही, पण मला दिसायचं. कोण कुठं आहे, कुणाची पाठ फिरलीय, कुणाचा पाय घसरणार आहे, हे मला आधी कळायचं. डावरीला चेंडू कुठं हवा तेही मला सगळ्यांत आधी कळलं. तो तिच्या डाव्या खांद्याच्या जरा खाली यायला हवा, आणि ती कोपऱ्यात पोचल्यावर नव्हे, पोचताना. ती थांबायच्या आत चेंडू तिच्या हातात आणि हातात यायच्या आत जणू हवेत. विचार करायला वेळ मिळाला की ती बिघडायची. फाऊलनंतर मिळणारे फ्री थ्रो तिला म्हणूनच जमायचे नाहीत. सगळे उभे राहून बघतायत, समोर कुणी आडवं नाही, हवा तेवढा वेळ आहे, अशा वेळी तिचा हात दगड व्हायचा.

तिचं टाकणं नेहमीच शहाणपणाचं असायचं, असं मी म्हणणार नाही. कुणी तिला कोपर मारलं की पुढचा चेंडू ती मुद्दाम आणखी लांबून टाकायची, जवळजवळ मधल्या वर्तुळापासून, आणि तो चुकायचा. मधे मोकळी वाट असताना आत जायची नाही. मी स्वतः रिंगखाली मोकळी उभी आहे, हात वर करून ओरडतेय, आणि ही दोघींच्या हातांवरून टाकतेय, असं कितीदा तरी झालं. चेंडू तिच्याकडं गेला की परत यायचा नाही. संघातल्या मुली पाठीमागं तिला अधाशी म्हणायच्या. मीही म्हटलं असेल. पण ती टाकायची आणि आम्ही जिंकायचो.

सर तिला समजवायचे.

"मधे सगळं रिकामं होतं. आत का गेली नाहीस?"

"आत गेलं की ढकलतात, सर."

"ढकललं तर फाऊल मिळतो ना."

"पंचाला दिसलं तर मिळतंय की."

"अगं, लांबून टाकून काय जास्त गुण मिळतात का? दोनच ना?"

"जवळून टाकून तरी कुटं जास्त मिळतात?"

सर हसायचे. तेव्हा हसायचे. ते आमच्या शाळेत व्यायाम शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्या क्रीडा मंडळाच्या मुलींचा संघ चालवायचे. शिट्टीची दोरी मनगटाला गुंडाळून, उन्हात टोपी न घालता उभे राहायचे. मैदानावर पाणी मारायला आमच्याबरोबर बादल्या उचलायचे. मी त्यांना फार मानायची. हे लिहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं सोपं वाटेल.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. जिल्ह्यात आम्ही सगळ्यांना हरवलं, मग आसपासच्या जिल्ह्यांत. सामना असला की मैदानाच्या भिंतीवर माणसं चढून बसायची. त्यातली निम्मी मुलींचे पाय बघायला आलेली असायची, हे आम्हाला कळत होतं. पण डावरीकडं चेंडू गेला की तीही माणसं गप्प व्हायची. चेंडू हवेत असेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

मग मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले. त्यांचे चादरींचे कारखाने होते, आणि गिरणीच्या वरच्या लोकांत उठबस होती. त्यांनी वर्षभरात मुरुमाचं मैदान काढून सिमेंटचं केलं. लोखंडी खांब आले, नवे बोर्ड आले, चार कोपऱ्यांत दिवे आले. लिंबाची ती फांदी तोडली. आम्ही मुली त्या सिमेंटवर पहिल्या दिवशी अनवाणी चालून बघत होतो. सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी दहा-बारा वर्षं ज्याच्या त्याच्या दारात या मैदानासाठी खेटे घातले होते.

आणि मैदानाबरोबर अध्यक्षांची मुलगी आली. ती इंग्रजी शाळेतली, उंच, स्वभावानं अगदी सरळ. तिच्याबद्दल वाईट लिहावं असं मला आजही फार वाटतं, पण लिहिण्यासारखं काही नाही. ती रोज वेळेवर यायची, सांगतील ते करायची, रिंगखाली चेंडू मिळाला तर बोर्डावर आपटून बरोबर आत घालायची. फक्त तिला तो चेंडू कुणीतरी द्यायला लागायचा. स्वतःची जागा तिला स्वतः करता यायची नाही. सरांनी तिला पहिल्या पाच जणींत घेतलं. कुणी काही बोललं नाही. आम्ही सगळ्याच सिमेंटवर उभ्या होतो.

त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड व्हायची होती आणि आमच्या भागाचे सामने नव्या मैदानावर, सोलापुरातच ठरले. मुंबईहून निवडणारे दोघं येणार होते. सर म्हणाले, आपल्याकडून एकीला घेतील, फार तर. ती एक कोण याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. भिंतीवर बसणाऱ्यांच्याही नव्हती. डावरीची आई तिला विड्या वळायला बसवेना, बोटं दुखतील म्हणून. आईनं असं कधी केलं नव्हतं.

सामन्यांच्या आदल्या दिवशी सराव संपत आला होता. अध्यक्षांची गाडी फाटकाशी आली. ती तशी रोजच मुलीला न्यायला यायची, पण त्या दिवशी अध्यक्ष खाली उतरले. सर त्यांच्याजवळ गेले. थोड्या वेळानं मी बघितलं, तिथं तिसरा माणूस उभा आहे. हात पुढं बांधून, मान खाली घालून. तो डावरीचा अन्ना होता. मला वाटलं, वडिलांचं काही बरंवाईट झालं की काय. सरांनी डावरीला हाक मारली. ती गेली. अध्यक्ष बोलत नव्हते, सर बोलत होते. ती ऐकत होती आणि अन्नाकडं बघत होती. अन्ना जमिनीकडं बघत होता.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक हाय की," ती म्हणाली आणि नळावर जाऊन खूप वेळ तोंड धूत बसली.

पहिला सामना दुबळ्या संघाशी होता. डावरीनं अगदी मोजकंच टाकलं. मला वाटलं, ताकद राखून ठेवतेय. दुसऱ्या सामन्यात तिनं जवळजवळ टाकलंच नाही. चेंडू तिच्या हातात यायचा आणि ती तो आत, अध्यक्षांच्या मुलीला द्यायची. पास सुंदर असायचे, दोघींच्या मधून, जमिनीवर एक टप्पा पडून बरोबर हातात. इतकी वर्षं मी तिच्याबरोबर खेळत होते आणि ती असे पास देऊ शकते हे मला माहीतच नव्हतं. मला आठवतं, मला आधी राग आला तो याचाच. मी रिंगखाली मोकळी उभी असायची तेव्हा हे हात कुठं गेले होते.

शेवटचा सामना पुण्याच्या संघाशी होता. त्या मुली तयारीच्या होत्या, अंगानं भरलेल्या, बुटांच्या नाड्यासुद्धा सारख्या बांधलेल्या. मुंबईचे ते दोघं खुर्च्या टाकून बसले होते, शेजारी अध्यक्ष. संध्याकाळचं ऊन तिरपं झालं होतं आणि सिमेंट अजून पायाला भाजत होतं.

मी चेंडू नेला. डावरी कोपऱ्याकडं निघाली, मी नेहमीसारखा तिच्या डाव्या खांद्याखाली सोडला. तिनं घेतला. तिच्या समोर कुणी नव्हतं. अख्खा कोपरा तिचा होता. आणि तिनं चेंडू आत दिला. अध्यक्षांच्या मुलीनं बोर्डावर आपटून बास्केट केलं. टाळ्या पडल्या. पुढच्या वेळी तसंच. त्याच्या पुढच्या वेळी तसंच. भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "टाक की गं!" मग आणखी दोघं-तिघं. ती कोपऱ्यात चेंडू धरून उभी असायची आणि भिंत ओरडायची, "टाक की!" आणि ती टाकायची नाही.

पुण्याच्या मुली काही खुळ्या नव्हत्या. ही टाकत नाही हे त्यांना लवकरच कळलं. त्यांनी तिला मोकळं सोडलं आणि दोघी-दोघी अध्यक्षांच्या मुलीभोवती उभ्या राहिल्या. आमची आघाडी गेली.

मध्यंतरात मी तिला धरलं.

"काय करलालीस तू? हात दुखतोय का?"

"न्हाय."

"मग टाकत का नाहीस?"

"माझ्याकडं देऊच नको. तिला दे."

"तिच्यावर दोघी आहेत. तू मोकळी आहेस."

"तरी तिलाच दे."

मी सरांकडं बघितलं. ते आमच्यापासून दोन हातांवर संत्री सोलत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "खा. तोंड कोरडं पडलंय तुझं."

दुसरा भाग कसा संपत आला ते मला नीट आठवत नाही. अध्यक्षांची मुलगी जिवाच्या आकांतानं खेळली, हे मान्य करायला हवं. फाऊल सोसले, पडली, गुडघा सोलला, उठली. आम्ही कसेबसे बरोबरीच्या जवळ होतो. मग वेळ संपत आली तेव्हा एक गुण मागं होतो आणि चेंडू माझ्याकडं होता.

अध्यक्षांची मुलगी आत होती, तिच्याभोवती तिघी. बाकीच्या दोघींना कुणीतरी धरलेलं. कोपऱ्यात डावरी एकटी. ती कोपऱ्याकडं जात होती, पळत नव्हती, नुसती जात होती. ती म्हणाली ते सगळं मला आठवत होतं. पण हातांना आठवत नव्हतं. चेंडू माझ्या हातातून सुटला आणि तिच्या डाव्या खांद्याखाली गेला, ती पोचताना.

आत द्यायला जागा नव्हती. धरून ठेवायला वेळ नव्हता. ती विचार करू शकली नाही, आणि म्हणून तिनं टाकला. त्या सामन्यात तिनं टाकलेला तेवढा एकच चेंडू. तो उंच गेला, तशीच उंच जायची तिची सवय होती, आणि रिंगला कुठंही न लागता खाली उतरला.

माणसं भिंतीवरून उड्या मारून मैदानात आली. आम्ही जिंकलो होतो. मी धावत कोपऱ्यात गेले. ती तिथंच उभी होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं माझा दंड इतका घट्ट पकडला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता.

"माझ्याकडं का दिलंस? सांगितलं हुतं न्हवं तुला?"

"अगं, आपण जिंकलो."

"आता त्यांनी नाही म्हटलं तर? अन्नाचं काय करू?"

तेव्हा तिनं सांगितलं, तिथंच, गर्दीत, माझा दंड धरून. अन्नाला गिरणीत कायम करणार होते. अध्यक्ष शब्द टाकणार होते. त्याबदल्यात हिनं निवडीच्या सामन्यांत टाकायचं नाही, त्यांच्या मुलीला द्यायचं. एवढंच.

"आणि तुझी निवड?"

"मी जाऊन काय करणार गं? खेळून परत हितंच येणार. विड्याच वळणार की. अन्ना कायम झाला तर घर चालंल."

हे ती अगदी सरळ म्हणाली. घरी कुणी तिच्यावर बळजबरी केली नव्हती. कुणी मारलं नव्हतं, कुणी रडलंही नव्हतं. फक्त अन्नाला बोलावून समोर उभं केलं होतं.

तिची भीती खोटी ठरली. तिच्या त्या एका चेंडूनं काही बिघडलं नाही. मुंबईच्या दोघांपैकी एक जण पाणी प्यायला आमच्याजवळ आला होता, तो सरांना म्हणाला, "ती शेवटचा टाकणारी मुलगी कोण? कोपऱ्यातली? नशीब चांगलं, लागला." सर म्हणाले, "हो." एवढंच म्हणाले. त्यांनी "हो" म्हटलं.

थोड्या वेळानं ध्वनिक्षेपकावरून अध्यक्षांच्या मुलीचं नाव जाहीर झालं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना शाळेत गाठलं. खेळाच्या साहित्याच्या खोलीत ते नेटला गाठी मारत होते.

"सर, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

त्यांनी वर बघितलं नाही. "काय माहीत होतं?"

"तिला टाकू नको म्हणून सांगितलंत ते."

"मी सांगितलं नाही. मी फक्त निरोप दिला."

"सर, तुम्हीच तिला तयार केलीत."

"मी?" ते म्हणाले. "माझं ऐकलं असतं तर तिनं कोपऱ्यातून टाकलंच नसतं. ती तिची तीच तयार झाली." मग त्यांनी नेट खाली ठेवलं. "हे बघ, तिचं वर्ष-दोन वर्षांत लग्न होईल. अध्यक्षांची मुलगी निदान दोन-चार वर्षं खेळेल. घरून अडवणारं कुणी नाही. गावाचं नाव झालं की नाही? आणि ज्या सिमेंटवर उभी राहून मला जाब विचारायला शिकलीस, ते कुणी दिलं?"

सरांनी पुन्हा नेट घेतलं. त्यांनी आवाज चढवला असता, मला खोलीबाहेर काढलं असतं, तर बरं झालं असतं. त्यांना आपलं बरोबर आहे असंच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात सत्कार झाला. अध्यक्षांच्या मुलीला शाल, बाकी आम्हा सगळ्यांना स्टीलचे पेले. ती माझ्या शेजारी बसली होती. गुडघ्याला पट्टी होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून म्हणाली, "डावरी किती सुंदर पास देते गं. तू तिच्याकडून शिकून घे."

मी म्हटलं, "हो, शिकते."

तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या वडिलांनी तिला सांगितलं नव्हतं, आम्ही सांगितलं नाही. डावरीनं मला शपथ घातली होती. त्यामुळं आपण राज्यासाठी खेळलो ते आपल्या कर्तृत्वावर, असं ती आजही समजत असणार. सुखी बाई.

अन्ना महिन्याभरात कायम झाला. अध्यक्षांनी शब्द पाळला, हे मी नाकारत नाही. पुढच्या वर्षी अन्नाचं लग्न झालं. आम्ही मुली जेवायला गेलो होतो. पंगतीत त्याला कुणी विचारलं, इतक्या लवकर कायम कसा झालास, वर्षानुवर्षं लोक बदलीतच जातात. अन्ना म्हणाला, "काम बगितलं त्यांनी माझं. साहेब लई खूश हुते." डावरी तेव्हा भात वाढत होती. तिनं त्याच्या पानावरही वाढला आणि पुढं गेली.

लग्नानंतर काही महिन्यांत अन्नानं गिरणीजवळ खोली घेतली आणि बायकोला घेऊन तिकडं गेला. घरात वडील, आई आणि डावरी राहिली. आई पुन्हा तिला सकाळी विड्या वळायला बसवायला लागली.

ती आणखी एक हंगाम खेळली. म्हणजे मैदानावर येत राहिली. आता तिला कुणी अडवत नव्हतं. सर म्हणायचे, "टाक की आता. कोण धरतंय तुला?" मी चेंडू द्यायची, तसाच, तिथंच. ती घ्यायची आणि क्षणभर थांबायची. पूर्वी तो क्षण नव्हताच. आता ती रिंगकडं बघायची, मग आत बघायची, मग परत रिंगकडं. तोवर समोरची मुलगी हात वर करून उभी. टाकला तर चुकायचा. एकदा चार-पाच ओळीनं चुकले तेव्हा सर वैतागून सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा कोपरा तेवढा सिमेंटचा करायला नको होता." मुली हसल्या. त्यांच्या मते तो विनोद होता.

त्यानंतर ती आली नाही. मी घरी गेले तर आई म्हणाली, काम लई हाय. डावरी आतल्या खोलीत होती. बाहेर आली नाही.

तिचं लग्न भिवंडीला झालं, मागांवर काम करणाऱ्या माणसाशी. मी तेव्हा बी. एड. करत होते. त्यानंतर एकदाच भेटलो, सोलापूर स्टेशनवर, पुढं दोन-तीन वर्षांनी. मी शाळेत मराठी शिकवायला लागले होते. ती माहेरहून परत निघाली होती, कडेवर मूल, पायाशी पत्र्याची ट्रंक. वडील गेले होते, म्हणून आली होती. अन्नानं खर्चावरून आईशी भांडण काढलं, हे तिनं सांगितलं, पण तक्रार केल्यासारखं नाही, गाडीला उशीर आहे हे सांगावं तसं.

"ती कुटं असती आता?" तिनं विचारलं. मला कळलं कोण ते.

"पुण्यात. नवरा डॉक्टर आहे."

"चांगली हुती गं ती पोरगी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "चांगली? तुझी जागा खाल्ली तिनं."

"तिला काय म्हाईत हुतं?"

"मग सरांना तरी माहीत होतं ना? अन्नाला माहीत होतं. तुला कधी राग आला नाही का गं?"

तिनं मुलाचं नाक पदरानं पुसलं. मग माझ्याकडं बघितलं, जरा कीव केल्यासारखं.

"तू अजून त्येच घेऊन बसलीस व्हय? माझा राग मी न्हाय केला. तू कशाला करलालीस?"

गाडी आली. मी ट्रंक आत चढवून दिली. खिडकीतून ती हसली, हात हलवला. डाव्या कडेवर मूल होतं, म्हणून उजवा हात.

तिच्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुढं बरीच वर्षं मी ते शोधत राहिले आणि मला ते सापडलं, पण तोवर ती कुठं असते हेच मला ठाऊक नव्हतं. तो राग नुसता तिच्यासाठी नव्हता. ते चेंडू तिचे एकटीचे नव्हते. ती टाकायची, पण तिच्या हातात वेळेवर पोचवायची मी. आयुष्यात मला तेवढी एकच गोष्ट चांगली करता आली. नवरा, शाळा, मुलं हे सगळं केलं, पण ते सगळ्यांसारखं केलं. तिला पोचताना चेंडू देणं हे माझ्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. आणि तिनं, सरांनी, अन्नानं, अध्यक्षांनी, चौघांनी फाटकाशी उभं राहून त्याचा सौदा केला. मी तिथून थोड्या अंतरावर उभी होते. मला कुणी बोलावलंही नाही. तिला वाटलं की ती स्वतःचंच देतेय. तिनं माझंही देऊन टाकलं आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

सर वारले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले होते. हार घातला, नमस्कार केला. लोक त्यांच्याबद्दल जे बोलले ते सगळं खरं होतं.

मागच्या वर्षी मंडळातून एक तरुण घरी आला. जुन्या खेळाडूंचा मेळावा आहे, अध्यक्षांची मुलगी पुण्याहून येणार आहे, मुख्य पाहुणी म्हणून. "तुम्ही त्यांच्याबरोबर खेळलात ना? त्यांच्या खेळाबद्दल दोन शब्द बोला." मी विचारलं, डावरीला बोलावलंय का. त्यानं विचारलं, कोण डावरी. मी त्याला नाव सांगितलं. तो म्हणाला, पत्ता असला तर द्या, बोलावू. माझ्याकडं पत्ता नव्हता.

मी त्याला चहा दिला आणि येते म्हणून सांगितलं. मेळाव्याच्या दिवशी साडी काढून पलंगावर ठेवली होती. संध्याकाळी ती घडी करून परत कपाटात ठेवली आणि स्वयंपाकाला लागले.